बाळ झोपल्यावर तिला झोप लागते का?

बाळंतिणीला भेटायला आलेलं माणूस हमखास विचारतं, "झोपू देतं का गं बाळ?" ती म्हणते, "कुठलं!" सगळ्या हसतात आणि विषय अळिवाच्या लाडवांवर जातो. या प्रश्नातून काहीही कळत नाही. पहिले तीन महिने कुठलंच बाळ झोपू देत नसतं. विचारायचं ते असं: "बाळ झोपलेलं असतं तेव्हा तुला झोप लागते का?"

नुसती दमलेली बाई उशीला डोकं टेकलं की गाढ झोपते. नैराश्यात गेलेली बाई बाळ शांत झोपलेलं असतानाही आढ्याकडे बघत पडून राहते. छातीत धडधडतं, उद्याची अंघोळ-मालिश आत्तापासून डोंगरासारखी वाटते, आणि श्वास चालू आहे ना म्हणून ती दर पाच मिनिटांनी बाळाच्या नाकाशी बोट धरते. पुढचं सगळं या एका फरकाच्या आधाराने लिहिते आहे. ते बाळंतिणीसाठी आहेच, पण जास्त करून तिच्या भोवतीच्या माणसांसाठी आहे: आई, बहीण, जाऊ, नवरा, समोरच्या दारातली मैत्रीण.

आधी दिवसांचा हिशेब. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, साधारण दूध उतरतं त्याच सुमाराला, बहुतेक जणींना कारण नसताना रडू येतं. वार पडल्यावर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, वर जागरणं, टाके आणि भेटायला येणाऱ्यांची रांग. हे चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, बारशाच्या आसपास ओसरायला लागतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्याला औषध लागत नाही, जवळ बसणारं माणूस लागतं. पंधराव्या दिवशीही तसंच असेल, किंवा मध्ये बरं वाटून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा अंधारून आलं असेल, तर ते वेगळं आहे. नैराश्य पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं. आपल्याकडे 'सव्वा महिना झाला, आता उठली' असं म्हणतात. ती उठते, लोकांचं लक्ष उठतं आणि नेमकं त्याच वेळी हे सुरू असतं.

किती जणींना होतं? भारतातल्या ३८ अभ्यासांची गोळाबेरीज २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली, तिच्यात सरासरी २२ टक्के निघाली. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. गोव्यात झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना २३ टक्के आया नैराश्यात होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींना हा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. नवऱ्याशी न पटणं आणि पैशाची ओढाताण ही मोठी कारणं निघाली. बाळ मुलगी असणं हेही त्या यादीत होतं. पेढे की बर्फी हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण खाटेवरच्या बाईला त्यातला सूर बरोबर ऐकू येतो.

ती स्वतः 'मला नैराश्य आलंय' असं म्हणेल ही अपेक्षा सोडा. ती म्हणेल, डोकं भणभणतं. जीव घाबराघुबरा होतो. हातापायांतलं बळ गेलंय. तोंडाला चव नाही. बाळ रडलं की कान बधिर होतात. आणि अगदी हळू आवाजात, कधी कधी, "मला ते माझं वाटतच नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून पदराने डोळे पुसायला किंवा समजूत घालायला धावू नका. "कधीपासून असं वाटतंय?" एवढंच विचारा. वेळ सांगता सांगता ती बाकीचंही सांगते.

घरी चाचपून बघायचं असेल तर एडिंबरा प्रश्नावली आहे. १९८७ ची, दहा प्रश्नांची, फक्त गेल्या सात दिवसांबद्दलची. तिची हुशारी अशी की थकवा, भूक, वजन असले प्रश्न तिच्यात नाहीतच, कारण ते कुठल्याही ओल्या बाळंतिणीला लागू पडतात. झोपेचा एक प्रश्न आहे, पण तोही 'मन इतकं दुःखी आहे की झोप लागत नाही' अशा रोखाचा. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. इंग्लंडमध्ये १३ किंवा जास्त गुण आले की नैराश्याची दाट शक्यता धरतात. गोव्यातल्या संशोधकांनी रेषा १२ वर आणली. १० च्या पुढे गेलं तरी दोन आठवड्यांनी परत भरून बघावी.

भरताना दोन चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे गुण उलटे मोजणं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात वरचं उत्तर ० आणि खालचं ३. बाकीच्या सातही प्रश्नांत वरचं उत्तर ३ आणि खालचं ०. सगळीकडे वरून खाली ०-१-२-३ मोजलं की अगदी बुडालेली बाई कागदावर ठणठणीत दिसते. दुसरी चूक: मोठ्याने वाचून, पंगतीत बसल्यासारखं, सासू-नणंदेसमोर विचारणं. कागद तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज करत बसू नका. त्याबद्दल खाली लिहिलं आहे. प्रश्नावली रोगनिदान करत नाही, ते डॉक्टर करतात. ती फक्त 'चला आता' एवढं सांगते.

आता रात्र. बाळंतिणीला मदत म्हणून लोक दिवसा येतात, डबा आणतात, बाळाला घेऊन बसतात. खरी मदत रात्री लागते. लक्ष्य एकच: चोवीस तासांत एकदा तरी सलग चार-पाच तास झोप. तुकड्या-तुकड्यांची आठ तास झोप ही पाच तासांच्या सलग झोपेची जागा घेत नाही.

दूध नीट बसलं असेल, म्हणजे साधारण महिन्यानंतर, तर असं करा. पावणेदहाला ती बाळाला पोटभर पाजते. दहा ते तीन बाळ दुसऱ्या माणसाकडे आणि दुसऱ्या खोलीत. एकच्या सुमाराला बाळ उठलं की दिवसा काढून ठेवलेलं तिचंच दूध, ६० ते ९० मिली, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. वाटी आणि चमचा आधी १० मिनिटं उकळलेले. काढलेलं दूध २५ अंशांच्या खोलीत ४ तास टिकतं, पण आपल्या एप्रिल-मेच्या खोल्या २५ अंशांच्या नसतात, तेव्हा सरळ फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला ठेवायचं, दारात नाही. तिथे ४ दिवस चालतं. देताना गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी धरून कोमट करायचं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. बाळाने तोंड लावून उरलेलं फेकून द्यायचं. जीवावर येतं, माहीत आहे.

बाळ महिन्याच्या आतलं असेल तर पाच तासांचं अंतर पडू देऊ नका. दूध कमी होतं, गाठी होतात. तेव्हा बाळाला तिच्याजवळ आणायचं, तिने कुशीवर पडून पाजायचं, आणि त्याच क्षणी बाळ उचलून न्यायचं. ढेकर, लंगोट, जोजवणं हे सगळं दुसऱ्याचं. तिचं जागरण वीस मिनिटांत संपलं पाहिजे. एरवी ते सव्वा तासाचं होतं.

ही योजना बिघडते ती ठरावीक ठिकाणी. बाळ त्याच खोलीत ठेवलं की ती प्रत्येक कण्हण्याला जागी होते. दोन वाजता छाती दगडासारखी होते आणि ब्लाउज भिजतो. त्यावर उपाय म्हणजे झोपण्याआधी थोडं दूध हाताने काढणं, आणि जाग आलीच तर दुखणं थांबेपर्यंतच काढून परत आडवं होणं. नवऱ्याला सकाळची पाळी असते, मग तिसऱ्या रात्री तो उठतच नाही. म्हणून रात्री आधीच वाटून घ्यायच्या, सोम-बुध-शुक्र आजी, मंगळ-गुरू बाबा, शनि-रवि जो कोणी येईल तो. शुक्रवारी रात्री साडेअकराला 'आज कोण' हे ठरवायला बसलात की ती म्हणते "असू दे, मीच बघते", आणि झालं.

सलग तीन रात्री हे जमवा आणि मग 'बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का' हा सुरुवातीचा प्रश्न परत विचारा. ती झोपली, सकाळी चेहरा उतरलेला नाही, दोन घास जास्त खाल्ले, तर थकवा मोठा भाग होता. असंच चालू ठेवा. पाच तास मिळूनही ती डोळे उघडे ठेवून पडली असेल, किंवा पहाटे साडेतीनला आपोआप जाग येऊन पोटात खड्डा पडत असेल, तर आता लाडू, मालिश, हवापालट काही पुरणार नाही. याच आठवड्यात डॉक्टर.

जाण्याआधी किंवा गेल्याबरोबर रक्त तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच (म्हणजे थायरॉइडची तपासणी), जमल्यास बी-१२. गरोदरपणातला थायरॉइडचा रिपोर्ट इथे चालत नाही, कारण बाळंतपणानंतर थायरॉइडला वेगळीच सूज येऊ शकते. पहिल्या काही महिन्यांत धडधड, चिडचिड, वजन झपाट्याने उतरणं, आणि चौथ्या ते आठव्या महिन्यात नेमकं उलट: जडपणा, थंडी वाजणं, मन बसून जाणं. घरातले म्हणतात, "आळशी झालीय." सरकारी लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते; पहिल्या महिन्यातच तिचं पाकीट डब्यामागे जातं, कारण शौचाला कडक होतं. मग पाणी वाढवा, गोळी बंद करू नका. ती चहाबरोबर नको आणि कॅल्शियमबरोबरही नको, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ती सकाळी रिकाम्या पोटी, आणि लोह-कॅल्शियम तिच्यानंतर किमान ४ तासांनी.

पाण्यावरून आठवलं. 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावं' हे सोडून द्या. शेक घ्यायला हरकत नाही, पण खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी आत ठेवू नका. बंद खोलीतला तो धूर आईला आणि बाळाला, दोघांनाही घातक असतो. खोली दिवसा उजेडाची हवी. कान बांधून ओसरीवर बसली तर वारं लागत नाही.

डॉक्टरकडे जाण्याची आयती संधी म्हणजे बाळाचं दीड महिन्याचं इंजेक्शन. त्याच सुमाराला आईचीही तपासणी असते. आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. त्यांच्याशी फक्त बाळाच्या वजनाबद्दल बोलू नका. दवाखान्यात सगळा वेळ बाळावर जातो आणि उठता उठता "हिला जरा कसंतरी होतं" एवढं बोललं जातं. ते वाक्य आत शिरल्याबरोबर, बसायच्या आधी बोला. हातात एक कागद असू द्या: कधीपासून, सलग झोप किती तास, जेवण किती, प्रश्नावलीचे गुण, आधीच्या बाळंतपणात किंवा कॉलेजात असताना असं झालं होतं का, सध्याची औषधं आणि काढे, दूध अंगावरचं की वरचं. आणि घराण्यात कुणाला उन्मादाचे झटके किंवा आत्महत्या. हे शेवटचं लोक लपवतात, लग्नाच्या वेळी लपवलेलं असतं म्हणून. पण उन्मादाचा इतिहास असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती बाईला दुसऱ्या टोकाला, म्हणजे उन्मादात, फेकू शकते, तेव्हा डॉक्टरांना एकट्याने गाठून का होईना, सांगा.

मानसोपचारतज्ज्ञ फक्त महागड्या दवाखान्यांत असतात असं नाही. ससून, केईएम, नायर, सायन इथे केसपेपर काढून मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवता येतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. घरबसल्या १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नवऱ्याने किंवा बहिणीने फोन केला तरी चालतो.

त्रास सौम्य असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही पुष्कळ फरक पडतो. गोव्यात असा प्रयोग झाला. त्याच वस्तीतल्या, स्वतः आया असलेल्या साध्या बायकांना शिकवून, 'सखी' म्हणून, गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घरी पाठवलं. त्या उपदेश करत नव्हत्या. बाईची स्वतःची तब्येत, बाळाशी नातं, घरच्यांशी नातं, या तीन गोष्टींत एक-एक छोटं काम ठरवून पुढच्या भेटीत ते झालं का बघत होत्या. तुम्हीही हे करू शकता. 'काय मदत करू?' असं विचारू नका. त्याचं उत्तर तिलाच शोधावं लागतं. "मी अर्धा तास बसते, तू केस धुऊन ये." आणि मग खरोखर अर्धा तास बसा, पंधराव्या मिनिटाला बाथरूमचं दार वाजवू नका. "आम्ही नाही का चार-चार काढली" हे तर तोंडातून निघूच देऊ नका.

मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळी लागते. 'दूध पाजतेय, म्हणून गोळी नको' हा सगळ्यात मोठा अडथळा. पाजणाऱ्या आईला बहुधा सर्ट्रालिन देतात, सुरुवात २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून. आईच्या डोसचा जो भाग दुधातून बाळाला पोचतो तो वजनाच्या हिशेबाने साधारण २ टक्के किंवा त्याहून कमी. १० टक्क्यांखालचं चालण्यासारखं मानतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून. कुणी 'दूध तोडा' म्हणालं तर "दूध चालू ठेवून देता येईल असं दुसरं औषध आहे का?" एवढं विचारायला लाजू नका.

गोळीचं खरं गणित पहिल्या महिन्यात बिघडतं. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, थोडी जास्तच बेचैनी; फायदा मात्र दोन ते चार आठवड्यांनी, कधी सहा. म्हणजे आधी त्रास दिसतो, गुण नंतर. आठव्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघ, गोळ्यांनी वाढलं", आणि पाकीट कचऱ्यात जातं. कॅलेंडरवर पहिली गोळी घेतली त्या तारखेला गोल करा, आणि चार आठवड्यांनंतरच्या तारखेलाही. मधल्या काळात निकाल लावायचा नाही. त्रास सोसवेना झाला तर डॉक्टरांना फोन. झोपेसाठी वेगळी गोळी दिली असेल त्या रात्री बाळ तिच्या अंथरुणात नको. गुंगीत कूस बदलली तर जाग येत नाही.

आता दहावा प्रश्न. "जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात येत नाही. आधीच असेल तर बोलता येतं. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, घरातल्या गोळ्या आणि गोठ्यातली फवारणीची औषधं कुलपात घाला, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळाबद्दलच्या भयंकर विचारांत मात्र फरक करायला हवा. 'हातातून पडलं तर', 'विळीवर गेलं तर' असली चित्रं पुष्कळ आयांच्या डोळ्यांसमोर येतात. जिला त्यांची भीती वाटते, जी विळी कपाटात टाकते आणि रडत सांगते, तिला धोकादायक समजून बाळ हिसकावून घेऊ नका. तिला उपचार हवेत, आणि ते मिळतात. खरा धोका वेगळा दिसतो: दोन-तीन दिवस झोप नाही आणि तरी थकवा नाही, भराभर आणि तुटक बोलणं, 'हे बाळ बदललंय', 'माझ्या जेवणात काहीतरी घालतात', नसलेले आवाज. हे हजारात एक-दोघींना होतं, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तासांत बिघडतं. घरात तेव्हा 'बाहेरचं आहे' म्हणून अंगारा शोधतात. अंगारा लावायचा तर गाडीत लावा. १०८ ला फोन करा, बाळाजवळ सतत तिसरं माणूस ठेवा. दाखल करावं लागलं तरी, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे तीन वर्षांखालचं मूल आईपासून एरवी वेगळं करायचं नसतं. धोका असेल तर डॉक्टर थोड्या काळापुरतं वेगळं ठेवतात. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ एकत्र राहतील असा विभागच आहे.

बरं वाटायला लागलं की नेमकं सासरी जायचं येतं. अडीच-तीन महिने माहेरी बसलेली घडी एका दिवसात मोडते. परदेशात असेल तर उलट होतं: व्हिसा संपतो आणि आई परत निघते. या आठवड्यात गोळ्या सुटतात, कारण सासरी कुणाला सांगितलेलं नसतं आणि उशाखालचं पाकीट कुणी बघेल ही धास्ती असते. बरं वाटल्यावरही गोळी किमान सहा महिने चालू ठेवायची असते आणि थांबवताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायची असते. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड आणि पुष्कळदा आजारही परत. म्हणून निघायच्या आधी नवऱ्याला चिठ्ठी, पुढची तारीख आणि रात्रीचा तक्ता समजावून द्या, पहिल्या आठवड्यात दहा ते तीन कोण हे नावानिशी. गोळ्या पस्तीस दिवसांच्या घ्या, तीस दिवसांच्या नाही. नव्या गावात डॉक्टर शोधायला पाच दिवस जातात. आणि त्या बाळंतविड्याच्या पिशवीत तळाला नकोत, तिच्या स्वतःच्या पर्समध्ये हव्यात.